स्वतःचा कराटेचा क्लास काढतेय. बेल्ट न विकता चालेल का?

कृष्णाकाठची (४ एप्रिल, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. मी कराडची. चौथीत असताना शोतोकान कराटे शिकायला लागले, आता चौतीस वर्षांची आहे, सेकंड डॅन (ब्लॅक बेल्टची दुसरी पायरी). मध्ये लग्न, बाळंतपण यांत चार वर्षं गेली, तेवढीच काय ती सुट्टी. सकाळी नोकरी करते, संध्याकाळ मोकळी असते.

गेली तीन वर्षं एका क्लासमध्ये असिस्टंट म्हणून शिकवत होते (माझ्या मूळ सरांचा नव्हे, दुसरा). दिवाळीनंतरच्या ग्रेडिंगमध्ये (बेल्टच्या परीक्षेत) सत्तावीस मुलं बसली आणि सत्तावीसच्या सत्तावीस पास झाली. त्यांतल्या सहाजणांना हेयान निदान हा काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) धड सुरूसुद्धा करता येत नव्हता. पहिल्याच वळणावर शेजारच्याकडे बघत उभे. त्यांनाही ग्रीन बेल्ट मिळाला, फोटो निघाले, आईवडील खूश. माझ्या गळ्याखाली काही उतरेना. दुसऱ्या दिवशी सांगितलं की मला जमणार नाही, आणि बाहेर पडले.

आता स्वतःचं सुरू करायचंय. एक ९०० चौरस फुटांचा तळमजल्यावरचा हॉल बघितलाय. भाडं १२,०००, डिपॉझिट ६०,०००. महिना ७०० फी घ्यावी असं डोक्यात आहे. विचारायचं हे की ग्रेडिंगच्या फीवर न जगता क्लास चालू शकतो का? ज्यांनी चालवलाय त्यांनी खरं काय ते सांगा.

घाटवाट (४ एप्रिल, रात्री १०:४०)

हॉल घेऊ नका. आधी मुलं, मग भिंती.

रानजाई (४ एप्रिल, रात्री ११:०५)

अभिनंदन ताई! बाहेर पडायला धाडस लागतं. एकच विचारते, तुमच्या मूळ सरांना सांगितलंत का?

गोदाकाठ (५ एप्रिल, सकाळी ६:५०)

मी नाशिकला पंधरा वर्षं क्लास चालवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

९०० चौरस फूट म्हणजे साधारण ३० बाय ३०. त्यात एक मीटरच्या ६४ मॅट बसतील, आठ बाय आठ. स्पर्धेतलं कुमितेचं (समोरासमोरच्या लढतीचं) मैदानही तेवढंच असतं, भोवती एक मीटर सुरक्षित पट्टा वेगळा. तो तुमच्याकडे उरणार नाही, म्हणजे भिंतींना पॅडिंग लावावं लागेल. शिकवताना एका मुलामागे तीन मॅट धरा. नाहीतर मागची लाथ पुढच्याच्या पाठीत बसते. म्हणजे एका बॅचला एकवीस मुलं.

एकवीस गुणिले ७०० म्हणजे १४,७००. भाडं १२,०००, वीज-पाणी दीडएक हजार. उरले बाराशे, तेही सगळ्यांनी फी दिली तर. प्रत्येक बॅचमध्ये दोन-तीन घरं अशी असतात की बाबा 'पुढच्या आठवड्यात' म्हणतात आणि मूल मात्र रोज वेळेवर येतं. त्या मुलाला परत पाठवता येत नाही. मी आजवर एकालाही पाठवलेलं नाही. म्हणजे तुम्हाला दोन बॅच भराव्याच लागतील, आणि पहिल्या वर्षी दोन बॅच भरत नाहीत. वर मॅटचा खर्च आहेच. २५ मिलिमीटर जाडीच्या घ्या. मी स्वस्त मिळाल्या म्हणून पातळ घेतल्या होत्या, दोन पावसाळ्यांत कोपरे वर आले आणि एका मुलीचा अंगठा मुरगळला. तेव्हापासून त्या बाबतीत काटकसर बंद.

दुसरं, वर्षाचा हिशेब महिन्याने गुणून करू नका. मे महिन्यात शिबिराला साठ पोरं येतात, जूनमध्ये त्यांतली पंधरा राहतात. जुलैत पाऊस, ऑक्टोबरात सहामाही, दिवाळीत मामाचं गाव, मार्चमध्ये वार्षिक. बाराची फी हातात आठ-नऊ महिन्यांचीच पडते.

आणि ग्रेडिंग. मी ५०० घेतो. त्यात नवीन बेल्ट, सर्टिफिकेट आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकांचा प्रवास व जेवण. उरलंच तर शंभर-दीडशे. ही फी घेण्यात मला काही गैर वाटत नाही. फी परीक्षेची असते, बेल्टची नसते, एवढं पालकांना पहिल्या दिवशी सांगायचं आणि मग नापास करून दाखवायचं. एकदा नापास केलंत की गावभर कळतं.

पेठेतला म्हातारा (५ एप्रिल, सकाळी ९:१५)

पोरी, तू कराडची, म्हणून लिहितो. मी तालमीत वाढलो. तुझ्या गावाशेजारच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना हेलसिंकीला पाठवायला लोकांनी वर्गणी गोळा केली होती.

आमच्या तालमीत फी नावाचा प्रकार नव्हता. पहाटे उठून हौद उकरायचा, माती चाळायची, त्यात ताक, हळद, लिंबू, तेल पडायचं. नवीन पोराला पहिला महिनाभर कुणी डाव शिकवत नसे. माती उकर, जोर मार, बैठका मार. महिन्यानं जो टिकला त्याच्याकडे वस्ताद बघायचे. दुधाचा आणि बदामाचा खर्च ज्याचा त्याचा. बेल्ट नव्हता, सर्टिफिकेट नव्हतं. अंगाला लागलेली माती हीच ओळख.

फी घे, काळ बदललाय. पण पोराकडून पहिल्या महिन्यात काम करून घे. मॅट त्यानंच टाकायची, त्यानंच पुसायची.

तिठ्यावरचा (५ एप्रिल, सकाळी १०:०२)

काकांबद्दल आदर ठेवून असहमत. तालीम फुकट होती कारण तिच्या मागे कुणीतरी उभं होतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी पैलवान पोसले, खासबागेचं मैदान बांधलं. पेठेपेठेतल्या तालमींना त्या त्या पेठेनं सांभाळलं. वस्तादांच्या घरची चूल कशी पेटत होती, हे पोरांना विचारायची गरज पडली नाही. या ताईंच्या मागे कोणतं संस्थान आहे? त्यांनी चोख फी घ्यावी आणि संकोच करू नये. शिकवणाऱ्या बाईनं 'सेवा' म्हणून शिकवावं, ही अपेक्षा आपल्याकडे फार लवकर तयार होते.

पेठेतला म्हातारा (५ एप्रिल, सकाळी ११:३०)

@तिठ्यावरचा, पटलं. आमच्या वस्तादांची थोडी शेती होती, हे लिहायचं राहिलं.

जमाखर्च (५ एप्रिल, दुपारी १:२०)

मी सीए. कागदपत्रांपुरतं सांगतो.

एकटीनं चालवणार असाल तर सुरुवात साधी आहे. मोजकीच माणसं कामाला असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. क्लासच्या नावानं वेगळं बँक खाते उघडा, घरच्या खात्यात फी घेऊ नका. सेवा व्यवसायाला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, तुम्ही तिथपर्यंत पोचाल तेव्हा पेढे द्या.

बरेच जण पहिल्याच दिवशी संस्था नोंदवायला धावतात. त्याला किमान सात सभासद, धर्मादाय कार्यालयात नोंदणी, दरवर्षी लेखापरीक्षण आणि कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज, हे सगळं आलं. शाळेचं मैदान किंवा नगरपालिकेची जागा मागताना संस्था उपयोगी पडते, हे खरं. पण दोन वर्षं क्लास टिकला की मग तिकडे वळा. आणि सात जणांत नावापुरते नातेवाईक भरू नका. भांडणं तिथूनच सुरू होतात.

अबोली२ (५ एप्रिल, दुपारी ३:४५)

मी पालकांच्या बाजूनं लिहिते. माझी मुलगी साडेपाच वर्षं एका क्लासला गेली, ब्राऊन बेल्ट. एक दिवस तिच्या मामानं गमतीत तिचं मनगट धरलं आणि म्हणाला, सोडव. तिनं आधी खेचलं, मग दुसऱ्या हातानं बोटं उचकटायचा प्रयत्न केला, मग रडवेली झाली. अंगठ्याच्या फटीतून हात फिरवून काढायचा हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. काता मात्र पाच पाठ होते. माझे एकूण किती पैसे गेले ते मी मोजत नाही, पण त्या संध्याकाळचा तिचा चेहरा विसरत नाही.

ताई, बेल्टचं जे काय करायचं ते करा. मला आई म्हणून दोन गोष्टी हव्या असतात. पोरीला खरोखर काही येतंय का, आणि क्लास सुटल्यावर मी दहा मिनिटं उशिरा पोचले तर कुणीतरी मोठं माणूस तिच्याजवळ उभं आहे का. आमच्या क्लासला सरांची गाडी बरेचदा मुलांच्या आधी निघायची.

गोदाकाठ (५ एप्रिल, दुपारी ४:१०)

@अबोली२, वाचून वाईट वाटलं. शेवटचं मूल जाईपर्यंत कुलूप लावायचं नाही, हा आमच्याकडे नियम आहे. आज पुन्हा एकदा असिस्टंटना सांगतो.

तांबडी माती (५ एप्रिल, संध्या. ६:००)

मूळ धाग्याला सोडून आहे, पण राहवत नाही. कराटेच का? आपल्याकडे मर्दानी खेळ आहेत. लाठी, फरीगदगा, विटा, बोथाटी, दांडपट्टा. २०२४ मध्ये सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्र घोषित केलं. कोल्हापुरात आजही आखाड्यांमध्ये आजोबा, बाप, नात एका वेळी लाठी फिरवताना दिसतात. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' म्हणायचं आणि पोरांना जपानी आकडे मोजायला लावायचं?

फिरस्ता (५ एप्रिल, संध्या. ६:३५)

जपानी म्हणताय, पण कराटे जपानच्या मुख्य बेटांवर बाहेरूनच आलं. मूळ ओकिनावाचं. तिथले एक शाळामास्तर, गिचिन फुनाकोशी, १९२२ ला प्रात्यक्षिक दाखवायला टोकियोला गेले आणि तिथेच राहिले. 'करा' या अक्षराचा अर्थ आधी 'चिनी' असा होता, नंतर त्याच उच्चाराचं 'रिकामा' अर्थाचं अक्षर रूढ झालं.

आणि ज्यावर हा धागा चाललाय तो बेल्ट तर ज्युदोतून आलेला. डॅनची पद्धत जिगोरो कानो यांनी ज्युदोत आणली. फुनाकोशींनी ती उचलून कराटेतले पहिले डॅन १९२४ मध्ये दिले. म्हणजे कित्येक पिढ्या लोक बेल्टशिवाय शिकले. @कृष्णाकाठची, हे पालकांच्या पहिल्या बैठकीत जरूर सांगा.

तांबडी माती (५ एप्रिल, संध्या. ७:१०)

माहितीबद्दल आभार, हे ठाऊक नव्हतं. माझं म्हणणं तरी तेच आहे. ताई, रविवारी एक तास लाठी ठेवा. लाठीला मॅट लागत नाही, मैदान पुरतं. शिकवायला माणूस मी देतो.

वाशिष्ठी (५ एप्रिल, रात्री ९:२५)

मी चिपळूणचा. क्लास तळमजल्यावर होता. २२ जुलै २०२१. पहाटे पाणी यायला लागलं आणि बघता बघता छतापर्यंत गेलं. तीन दिवसांनी शटर उघडलं तर मॅट एकमेकींवर चढलेल्या, मध्ये घोटाभर चिखल, पंचिंग बॅग फुगून फाटलेली. भिंतीवरचे बारा वर्षांचे फोटो गेले. पोरांनी चार दिवस मॅट घासल्या. पाण्याचा पाइप, खराटा, डेटॉल. पाऊणशेपैकी एकवीस वाचल्या. त्या एकवीस मॅटवर, शाळेच्या व्हरांड्यात, महिन्याभरात पुन्हा सुरू केलं. बाकीची मुलं फरशीवर. त्या महिन्यात एकाही पालकानं फी थकवली नाही, उलट काहींनी दुप्पट दिली, आणि त्यांची स्वतःची घरं चिखलात होती.

कराडला तुम्ही दोन नद्यांच्या मध्ये आहात. तळमजला घेण्याआधी आजूबाजूच्या जुन्या माणसांना विचारा की २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं.

कायद्याचं बोला (५ एप्रिल, रात्री १०:५०)

वकील आहे, थोडक्यात लिहितो. लहान मुलांना शिकवणार म्हणजे पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा (२०१२) वाचून काढा. मुलावर असा अत्याचार झाल्याचं कळलं, अगदी घरी झाल्याचं तुम्हाला सांगितलं तरी, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'त्यांच्या घरचा मामला' म्हणून गप्प बसणं हा गुन्हा. मुलं क्लासच्या ताईंना अशा गोष्टी सांगतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

असिस्टंट ठेवाल त्याची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या. स्टान्स (पवित्रा) दुरुस्त करताना हात लावायचा तर आधी विचारून, सगळ्यांसमोर. एकट्या मुलाला एकट्या शिक्षकानं बंद खोलीत शिकवायचं नाही. पालकांना हॉलमध्ये बसू द्या. 'दुखापत झाल्यास आम्ही जबाबदार नाही' असं पालकांकडून लिहून घेतलंत म्हणजे सुटलात असं नाही. निष्काळजीपणा तुमचा असेल तर तो कागद वाचवत नाही. डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्या दिवशी परत कुमितेला उभं करू नका, कितीही 'मी ठीक आहे' म्हणालं तरी.

एडिसनकर (६ एप्रिल, सकाळी ७:३०)

न्यू जर्सीहून. इथे मुलाचा क्लास वर्षाच्या करारावर आहे, पैसे दर महिन्याला खात्यातून आपोआप जातात, बेल्ट टेस्टची फी वेगळी. सुरुवातीला मलाही ते खटकलं. पण इथले मास्टर दिवसभर हेच करतात, त्यांना दुसरी नोकरी नाही, आणि मुलगा नापास झाला तेव्हा त्यांनी त्याला वीस मिनिटं समोर बसवून का ते सांगितलं. पुन्हा परीक्षेची फी घेतली नाही. तुम्हीही हे करू शकता, दुसऱ्या वेळची फी नाही.

गोदाकाठ (६ एप्रिल, सकाळी ८:१५)

@एडिसनकर, ही कल्पना मी उचलतोय.

सहावी ब (६ एप्रिल, दुपारी २:३०)

नमस्कार. इथे फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. मी नववीपर्यंत कराटे केलं. पर्पल बेल्ट होता. दहावीचे क्लास सुरू झाले आणि घरचे म्हणाले, एक वर्ष थांब. मी सरांना न सांगताच जायची बंद झाले, लाज वाटत होती. रोज वाटायचं, सरांचा फोन येईल. आला नाही. पन्नास मुलांत त्यांच्या लक्षात आलं नसेल. आज मी एकोणतीस वर्षांची आहे आणि माझा ड्रेस अजून आईच्या ट्रंकेत आहे.

ताई, जी मुलगी यायची थांबेल तिला फोन करा. फक्त एवढंच विचारा, कधी येतेस.

रानजाई (६ एप्रिल, दुपारी २:५५)

@सहावी ब, ट्रंक उघडा. खरंच.

माळरान (६ एप्रिल, संध्या. ५:२०)

पालक हमखास विचारतात, 'सर्टिफिकेट पुढे चालतं का?' सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. पण ते मान्यताप्राप्त स्पर्धांतल्या कामगिरीवर मिळतं, क्लासच्या बेल्टवर नाही, आणि 'नॅशनल' नाव लावलेली प्रत्येक स्पर्धा त्यात बसत नाही. मूल पाठवण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्या. ऑलिंपिकचं आमिष तर दाखवूच नका. टोकियोत कराटे होतं, २०२४ ला पॅरिसमध्ये नव्हतं.

कृष्णाकाठची (६ एप्रिल, रात्री ११:१५)

सगळ्यांचे मनापासून आभार. तीनदा वाचलं, शेवटी वहीत उतरवून घेतलं.

@रानजाई, सरांना सांगितलं नव्हतं. धीर होत नव्हता. आज नारळ आणि पेढे घेऊन गेले. सर आता सत्तरीला आलेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'उठ, हेयान शोदान कर.' अगदी सुरुवातीचा काता, त्यांच्या हॉलमध्ये, साडीवर. केला. तिसऱ्या पावलाला म्हणाले, 'मागचा गुडघा वाकतोय. पोरांचाही वाकेल.' मग पेढा खाल्ला. ग्रेडिंगला परीक्षक म्हणून येतो म्हणालेत.

@वाशिष्ठी, शेजारच्या किराणावाल्या काकांना विचारलं. २०१९ ला त्या गाळ्यात कमरेपर्यंत पाणी होतं. मालक हे बोलले नव्हते. तो हॉल सोडला.

@घाटवाट, तुमचं ऐकतेय. एका व्यायामशाळेचा वरचा हॉल तासाला २५० नं मिळतोय. आठवड्याला तीन दिवस, दोन-दोन तास, म्हणजे महिन्याला सहा हजार.

घाटवाट (६ एप्रिल, रात्री ११:२०)

आता जमलं.

रानजाई (९ नोव्हेंबर, सकाळी ११:००)

धागा वर काढतेय. कृष्णाकाठची, काय झालं पुढे?

कृष्णाकाठची (९ नोव्हेंबर, रात्री १०:३५)

पहिल्या दिवशी सात मुलं आली, त्यांतला एक माझा. मे महिन्यात एकतीस झाली, जूनमध्ये चौदावर आली (@गोदाकाठ, तुम्ही म्हणालात तसंच), आता तेवीस आहेत. फी ७०० च. हॉलचे सहा हजार, असिस्टंट मुलीला अडीच हजार, बाकी किरकोळ जाऊन महिन्याला पाच-साडेपाच हजार उरतात. मॅटचे पैसे अजून पूर्ण फिटले नाहीत. चाळीसच घेतल्या, पण जाड घेतल्या. म्हणून दोन बॅच केल्या.

मॅट मुलंच टाकतात आणि पुसतात. पेठेतल्या काकांचा नियम. पहिल्या महिन्यात एका आजींनी विचारलं, 'पैसे देऊन पोराला फरशी पुसायला पाठवू का?' आता त्याच आजी सांगतात की नातू घरी ताट उचलतो. मनगट सोडवणं पहिल्या आठवड्यात, बेल्टच्या आधी. रविवारी लाठी असते, तांबडी माती यांनी पाठवलेले दादा येतात.

दिवाळीच्या आधी पहिलं ग्रेडिंग झालं. सर आले होते. फी ३००, दुसऱ्या वेळी नाही. सोळा बसले, नऊ पास झाले. सातजणांना सरांनी एकेकाला बोलावून का ते सांगितलं. एका वडिलांनी तिथेच आवाज चढवला आणि दोन्ही मुलं काढून नेली. ती रात्र वाईट गेली, खोटं कशाला बोलू. त्यांतला धाकटा फार छान करायचा.

नापास झालेल्यांत आठवीतली एक मुलगी होती. सोमवारी मी पावणेसहाला हॉल उघडायला गेले तर ती जिन्यात बसलेली. आत आली, चप्पल काढली, एकटीनं चार मॅट जोडल्या आणि भिंतीला हात टेकून झेनकुत्सूत (पुढचा गुडघा वाकवून, मागचा पाय ताठ ठेवायचा पवित्रा) उभी राहिली. मागचा गुडघा सरळ आहे का ते मान वळवून बघत होती. मी काही बोलले नाही, बाकीच्या मॅट टाकायला लागले.

@सहावी ब, तुमचा प्रतिसाद वहीच्या पहिल्या पानावर आहे. दोन मुली नववीला थांबल्या, दोघींना फोन केले. एक शनिवारची येते.

सहावी ब (९ नोव्हेंबर, रात्री ११:०२)

ताई, मोठ्यांची बॅच आहे का? मी सातारला असते. शनिवारी येऊ शकते.

कृष्णाकाठची (९ नोव्हेंबर, रात्री ११:०४)

या शनिवारी साडेसहाला. ड्रेस घट्ट होत असेल तर साधी ट्रॅक पँट चालेल. बेल्ट मात्र तोच बांधून या.